गणितमामाची पोतडी : जिंकायची युक्ती

काय मंडळी, चाचणी परीक्षेचे पेपर मिळाले का? गुण कसे का असेनात, आज पोतडीतून काढलेली गोष्ट सगळ्यांनी नीट वाचायची. आणि वाचून झाली की अंक आई-बाबांच्या हातात द्यायचा. का ते शेवटी कळेलच.

मागच्या आठवड्यात मला एक पत्र आलं. इयत्ता नववीतल्या एका मुलीचं. तिचं नाव-गाव मी छापणार नाही, तसं तिला कळवलंही आहे. पत्रातला मजकूर थोडक्यात असा :

‘मामा, माझा दादा कॉलेजात आहे. तो मोबाईलवर पत्त्यांचा एक खेळ खेळतो. त्याला व्हिडिओ पोकर म्हणतात. पहिल्या आठवड्यात त्याने १८०० रुपये जिंकले आणि मला पेन घेऊन दिलं. आता तो हरतोय. माझ्या गल्ल्यातले २३०० रुपये त्याने उसने घेतलेत आणि आईला सांगू नकोस म्हणालाय. त्याचा मित्र म्हणतो, हरलं की पुढच्या वेळी दुप्पट लावायचे, म्हणजे सगळे एका फटक्यात परत येतात. मामा, तुम्हाला एवढं गणित येतं, तर जिंकायची एखादी युक्ती सांगा ना. दादाचे पैसे परत आले की तो खेळणं सोडणार आहे.’

पत्र वाचलं आणि चहा गार झाला. मुलीने रागावून नाही, दादाच्या काळजीने लिहिलंय. मग मीही उपदेशाचा डोस न पाजता तिने जे विचारलं तेच सांगतो : युक्ती. खेळणाऱ्याला जे जे ठाऊक असायला हवं ते सगळं. मात्र गणित शेवटच्या पायरीपर्यंत करायचं, मध्येच वही मिटायची नाही. कबूल?

आधी चिंचोके काढा

घरात चिंचोके आहेत ना? नसतील तर शेंगदाणे घ्या (पण खेळ संपेपर्यंत खायचे नाहीत!). आणि एक फासा, सापशिडीतला चालेल. आजीला बँक करा. प्रत्येकाने ६० चिंचोके घ्यायचे.

खेळ सोपा आहे. दर फेरीला एक चिंचोका लावायचा आणि १ ते ६ पैकी एक आकडा बोलायचा. फासा टाकायचा. तुमचा आकडा आला, तर आजी तुम्हाला ५ चिंचोके देणार, तुम्ही लावलेला धरून. नाही आला, तर तुमचा चिंचोका आजीच्या वाटीत. अशा ६० फेऱ्या खेळा.

आता हिशोब. फाशाला सहा बाजू. म्हणजे तुमचा आकडा सरासरीने सहातून एकदा येणार. ६० फेऱ्यांत साधारण १० वेळा. १० वेळा ५, म्हणजे ५० चिंचोके परत. लावले किती? ६०. आजीच्या वाटीत राहिले १०. आजीने लबाडी केली का? मुळीच नाही. फासा वाकडा होता का? तोही नाही. तिने फक्त सहाच्या जागी पाच दिले. बस्स, एवढंच!

‘पण मामा, मी तर जिंकलो! माझ्याकडे ७० झाले!’ असं कोणीतरी ओरडणार, हे मला इथे बसून ऐकू येतंय. होणारच तसं. ६० फेऱ्यांत एखादा पुढे राहतोच. म्हणून आता दुसरी पायरी : वर्गातल्या दहा मित्रांना घरी हाच खेळ खेळायला सांगा आणि सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडून बेरीज करा. ६०० फेऱ्यांची बेरीज केली, की सगळे मिळून सुमारे १०० चिंचोक्यांनी मागे असलेले दिसतील. कधी ७०, कधी १३०. पण एकूण बेरीज जिंकण्याच्या बाजूला जाणं फार म्हणजे फारच अवघड.

कॅसिनोवाला नेमकं हेच करतो. तो तुमच्या एकट्याशी खेळतच नाही. तो हजारो जणांशी एकाच वेळी खेळतो. तुमच्यासाठी तो नशिबाचा खेळ असतो, त्याच्यासाठी ती नुसती बेरीज असते. आणि दादाचे पहिल्या आठवड्यातले १८०० रुपये? ते तुमच्या त्या ७० चिंचोकेवाल्या मित्रासारखे. खोटे नव्हते, पण त्यातून सिद्धही काही होत नव्हतं.

गिरणीतली घट

दळण आणायला जाता ना? पाच किलो गहू नेले की थोडं पीठ गिरणीतच राहतं. त्याला म्हणायचं घट. जुगाराच्या प्रत्येक खेळात अशी घट मुद्दाम ठेवलेली असते. आजीच्या खेळात ती सहावा हिस्सा होती, म्हणजे शेकडा साडेसोळाहून थोडी जास्त.

युरोपातलं रूले नावाचं चाक घ्या. त्यावर ३७ घरं असतात, ० ते ३६. एका आकड्यावर लावलं आणि तोच आला, तर नफा मिळतो ३५ पट. लावलेला एक धरून हातात येतात ३६. घरं मात्र ३७! म्हणजे घट ३७ वा हिस्सा, शेकडा २.७. अमेरिकेतल्या चाकावर ० च्या जोडीला ०० असतं, घरं होतात ३८, पण बक्षीस तेवढंच. घट झाली शेकडा ५.२६. एक घर वाढवलं आणि घट जवळजवळ दुप्पट. आहे की नाही गंमत?

आता दादाच्या व्हिडिओ पोकरकडे वळू. अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात १९७० च्या दशकात ही यंत्रं आली. त्यातला सगळ्यांत माहितीचा प्रकार असा : ५२ पत्ते पिसून पडद्यावर पाच पत्ते येतात. हवे ते ठेवायचे, नको ते बदलून घ्यायचे, एकदाच. मग शेवटच्या पाच पत्त्यांवर बक्षीस. निदान गुलामांची जोडी जमली तर लावलेले पैसे परत. तीन सारखे आणि वर एक जोडी जमली तर त्याहून बरंच जास्त. आणि एकाच रंगाचे, समजा बदामाचे, दहा-गुलाम-राणी-राजा-एक्का असे पाचही जमले, तर सर्वांत मोठं बक्षीस.

या खेळात डोकं लागतं, हे खरं आहे. कुठले पत्ते ठेवायचे, याची गणिताने काढलेली उत्तरं आहेत. आणि बक्षिसांचा तक्ता पडद्यावरच लिहिलेला असतो, त्यामुळे घटही काढता येते. म्हणूनच हुशार मुलांना वाटतं, ‘हे आपल्याला जमेल.’

तर ऐका. ज्या यंत्रात तीन सारखे अधिक जोडी याला ९ पट आणि पाचही पत्ते एकाच रंगाचे याला ६ पट मिळतात, त्यात अचूक खेळणाऱ्याला शंभर रुपयांमागे सरासरी साडेनव्व्याण्णव परत मिळतात. शेजारी अगदी तसंच दिसणारं दुसरं यंत्र असतं. तक्त्यात फक्त दोन फरक : ९ च्या जागी ८, ६ च्या जागी ५. त्यात परत मिळतात सुमारे ९७ रुपये ३० पैसे. रंग तोच, आवाज तोच, घट जवळजवळ सहापट!

‘शंभरातले ९७ परत मिळतात? मग तर मजाच आहे!’ थांबा, थांबा. इथेच सगळे फसतात. घट तुमच्या खिशावर नसते, प्रत्येक डावावर असते. एकदा दळलं की पीठ कमी होतं. तेच पीठ पुन्हा गिरणीत टाकलं तर? १००० रुपये एकदा फिरवले की सरासरी ९७३ उरतात. तेच पुन्हा फिरवले की ९४७. पुन्हा फिरवले की ९२१. असे २५ वेळा फिरवले की उरतात सुमारे ५०४. निम्मे गायब! मोबाईलवर एक डाव काही सेकंदांत संपतो. १० रुपयांचा एक डाव आणि तासाला ५०० डाव, म्हणजे तासाभरात ५००० रुपये फिरले. खिशात ५०० असले तरीसुद्धा.

आणि एक बारकी गोष्ट. ते सर्वांत मोठं बक्षीस अचूक खेळूनही साधारण ४०,००० डावांत एकदा येतं. तासाला ५०० डाव धरले तर ८० तास झाले. परत मिळणाऱ्या शंभरातले सुमारे दोन रुपये या एकाच बक्षिसातले असतात. ते येईपर्यंत घट आपण काढली त्यापेक्षा जास्तच लागते. शिवाय हा हिशोब एकही चूक न करणाऱ्याचा. रात्री एक वाजता, हरलेला, चिडलेला दादा एकही चूक करणार नाही, असं तुम्हाला वाटतं का?

दुप्पट लावायची युक्ती

आता त्या मित्राची युक्ती. ती फार जुनी आहे आणि ऐकायला बिनतोड वाटते. म्हणून आपण तिला पूर्ण संधी देऊ. घट नसलेला, अगदी सच्चा खेळ घेऊ : नाणेफेक. छाप आला की लावले तेवढे मिळाले, काटा आला की गेले.

१० रुपये लावले, हरलो. २० लावले, हरलो. मग ४०, ८०, १६०, ३२०, ६४०. सात वेळा ओळीने हरलो तर एकूण गेले १२७० रुपये. आठव्यांदा लावायचे १२८०! आणि जिंकलो तर नफा किती? सगळं वजा जाता १० रुपये. दहा रुपयांसाठी १२८० पणाला! दादाकडे आहेत का तेवढे? नाहीत. मग तो इथेच अडकला.

सात वेळा ओळीने काटा कितीदा येईल? २ × २ × २ × २ × २ × २ × २ = १२८. म्हणजे १२८ वेळा हा उद्योग केला, तर सरासरी १२७ वेळा १० रुपये मिळतील आणि एकदा १२७० जातील. १२७ गुणिले १०? १२७०! मिळवलेले १२७०, घालवलेले १२७०. हाती शून्य! आणि हे सच्च्या नाण्याचं. घट असलेल्या खेळात उत्तर शून्याच्याही खाली जातं. युक्तीने हरण्याची तारीख पुढे ढकलली जाते. हरणं टळत नाही.

‘पण इतक्या वेळा हरल्यावर आता तरी जिंकायलाच हवं ना?’ असंही वाटतं. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेच्या चाकावर ओळीने २६ वेळा काळा रंग आला. आता लाल येणारच, आता येणारच, म्हणत लोक लालवर पैसे ओतत राहिले आणि धुऊन निघाले. चाकाला काय ठाऊक, मघाशी काय आलं होतं? नाण्याला, फाशाला, पत्त्यांना आठवण नसते. आठवण आपल्याला असते आणि तीच आपल्याला खेचते.

दादा थांबत का नाही?

दादा मूर्ख आहे म्हणून? अजिबात नाही. १९५० च्या दशकात स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. बटणावर चोच मारली की दाणा. ठराविक चोचींनंतर दाणा मिळतो तेव्हा कबूतर खाऊन जरा विसावतं. पण दाणा कधी मिळेल याचा भरवसाच नसला, तर ते न थांबता चोची मारत राहतं. जुगाराची यंत्रं अशीच बेभरवशाचे दाणे टाकतात. हा खेळ काही जणांना इतका जखडतो, की जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या व्यसनाची नोंद आजारांच्या यादीत केली आहे.

आणि हे आजचंच आहे असंही नाही बरं का. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. तेव्हा बेहड्याच्या फळांचे फासे असत. बायको दुरावलेला, कर्जात बुडालेला तो माणूस उद्यापासून खेळायचं नाही असं ठरवतो आणि फाशांचा आवाज आला की पुन्हा निघतो. हजारो वर्षं झाली, बेहडे गेले, मोबाईल आले. माणूस तोच आहे.

मोबाईलवर तर आणखी एक पंचाईत आहे. नेव्हाडातल्या यंत्रात पत्ते खऱ्या ५२ पत्त्यांसारखेच आले पाहिजेत असा नियम आहे आणि तपासणारेही आहेत. चोरून चालणाऱ्या ॲपमधले पत्ते कोण पिसतं? कोण तपासतं? कोणीच नाही. वरचं सगळं गणित सच्च्या यंत्राचं होतं. इथे तर तेवढीही खात्री नाही. जिंकलेले पैसे खात्यात येतीलच, हेही कोणी सांगू शकत नाही.

आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. डोक्याचा खेळ असो की नशिबाचा, दोन्ही आले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र नुसता खेळून फसलेल्याला या कायद्यात शिक्षा नाही. हे वाक्य दादाला मुद्दाम वाचून दाखव. भीतीने गप्प बसायचं कारण नाही.

तर, तुझ्यासाठी युक्ती

हो, युक्ती सांगतो म्हणालो होतो ना? ही घे.

पहिली : गेलेले पैसे गेले असं समजायचं. तुझे २३०० सुद्धा. वाईट वाटतं, कळतं मला. पण ‘परत मिळाले की सोडीन’ या एका वाक्यापायी हजाराचे दहा हजार होतात. परत मिळवण्यासाठी लावलेल्या रुपयालाही तीच घट लागते. यंत्राला कळत नाही की हा रुपया बहिणीच्या गल्ल्यातला आहे.

दुसरी : हे आईला सांग. आजच. ही चहाडी नव्हे. दादा विहिरीत पडला असता, तर ‘सांगू नकोस’ म्हणाला म्हणून तू गप्प बसली असतीस का? एकटीने सांगायला धीर होत नसेल, तर हा अंक आईसमोर उघडून ठेव.

तिसरी : आई-बाबांसमोर दादाने ते ॲप काढून टाकायचं, आणि काही महिने पैशांचे व्यवहार घरच्यांच्या हाती द्यायचे. मन ओढ घेत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे. सरकारी, मोफत, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच कळवायचं. आणि तुला स्वतःला कोणाशी बोलावंसं वाटलं, तर मुलांसाठी १०९८ आहेच.

पालकांसाठी दोनच ओळी. मुलगा कबुली द्यायला आला, तर पहिला प्रश्न ‘किती घालवलेस?’ हा नको. ‘बरं झालं सांगितलंस’ हे आधी म्हणा, हिशोब नंतर करता येतो. आणि ओरडा फार झाला, तर पुढच्या वेळी तो आपल्याकडे येणार नाही, मित्राकडे जाईल. त्याच, दुप्पट लावायला सांगणाऱ्या.

मुली, तू विचारलंस की एवढं गणित येतं तर जिंकायची युक्ती सांगा. शक्यतेच्या गणिताला मोठी चालना मिळाली तीही जुगारातल्या एका कोड्यावरूनच. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी त्याबद्दल एकमेकांना पत्रं लिहिली. आज विम्याचे हप्ते ठरवताना आणि हवामानाचे अंदाज देताना तेच गणित उपयोगी पडतं. त्या गणिताने मला एवढंच शिकवलं : जिथे घट आहे तिथे जास्त खेळून कोणी पुढे जात नाही, आणि जो डाव लावलाच नाही त्यावर घट लागत नाही.

तुझं पुढचं पत्र कधी येतं, याची वाट बघतोय. दादाला म्हणावं, त्यानेही दोन ओळी लिहाव्यात. त्याच्यावर मी रागावलेलो नाही.

या आठवड्याचं कोडं : आजी आता दोन फासे घेऊन बसली आहे. बेरीज ७ आली तर ती एका चिंचोक्याला ५ देते, बेरीज १२ आली तर ३३ देते (लावलेला धरूनच). कुठल्या खेळात घट कमी? आणि घट अजिबात नको असेल, तर आजीने प्रत्येक खेळात किती चिंचोके द्यायला हवेत? उत्तर पुढच्या अंकात. तोवर शेंगदाणे खायला हरकत नाही!

तुमचा,
गणितमामा